टीटी ब्लेड: कॉर्बेल, क्लिपर की व्हिस्कारिया?

नेटकॉर्ड (धागाकर्ता)

टीटीवाल्यांनो (टेबल टेनिसवाल्यांनो), मदत हवी आहे. कॉलेजात बऱ्यापैकी खेळायचो, मग नोकरी, लोकल आणि पोट यांच्या गर्दीत बॅट माळ्यावर गेली. आता ठाण्यात आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात चांगलं टेबल आलंय, शेजारच्या इमारतीतली दोन कॉलेजची पोरंही येतात, त्यामुळे खेळ परत जमायला लागलाय.

सध्याची बॅट: ब्लेड (रबराखालचं लाकूड) स्टिगा ऑलराउंड क्लासिक, दोन्ही बाजूंना यासाका मार्क फाइव्ह रबर. पुश, ब्लॉक, सर्व्हिस, सगळं आज्ञेत. पण टेबलापासून जरा मागे सरकलो की टॉपस्पिनमध्ये (पुढे फिरकी देऊन मारलेल्या शॉटमध्ये) जान उरत नाही. पोरं उभ्या उभ्या ब्लॉक करतात आणि वर "काका, छान होता" म्हणतात. ते जास्त लागतं.

डोक्यात तीन ब्लेड आहेत. बटरफ्लाय कॉर्बेल (५ प्लाय म्हणजे पाच थर, निव्वळ लाकूड), स्टिगा क्लिपर (७ प्लाय, तेही लाकूडच) आणि बटरफ्लाय व्हिस्कारिया (एएलसी, म्हणजे लाकडात कार्बन-अ‍ॅरिलेट फायबरचा पदर). मित्राची व्हिस्कारिया थोडा वेळ हातात घेतली होती. फोरहँड काउंटरला स्वर्ग, आणि आखूड सर्व्हिसचा रिसीव्ह थेट पाण्याच्या कूलरपाशी.

ज्यांनी यातली किमान दोन वापरलीत त्यांनी वेग, फील आणि कंट्रोल यांबद्दल लिहा. कॅटलॉगमधले आकडे नकोत, ते पाठ झालेत.

चिंचपोकळी_फास्ट

व्हिस्कारिया घ्या आणि विषय संपवा. चीनचा झांग जिके २०१२ ला लंडनमध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकला तो याच ब्लेडनं. १९९३ पासून बाजारात आहे, मधे बंद केली तर लोकांच्या ओरड्यामुळे परत आणावी लागली. रिसीव्हचं म्हणाल तर हात बसायला महिना लागतो, मग जातो आपोआप टेबलात.

झब्बू

झांग जिकेचा रिसीव्ह कूलरपाशी जात नव्हता हे नमूद करावंसं वाटतं.

काका_कट

चिंचपोकळी, तुमचा उत्साह समजतो, पण प्रश्न विचारणारा माणूस चाळिशीतला आहे आणि संध्याकाळी ऑफिसातून येऊन खेळतो. त्याला रोज मल्टीबॉल (एकामागून एक बॉल टाकून सराव) देणारा कोच नाही.

मी सांगलीत क्लबात खेळतो, चॉपर आहे, म्हणजे मागे राहून उलटी फिरकी देत बॉल परत करणारा. बॅकहँडला लाँग पिंपल (लांब दाण्यांचं रबर), फोरहँडला साधं पातळ स्पंज. आमचं ब्लेड आकारानं मोठं आणि संथ, तुमच्या भाषेत बैलगाडी. तरी सांगतो, समोर कार्बनवाला आला की मला आनंदच होतो. पहिले दोन बॉल सुसाट येतात, तिसरा त्याचा तोच बाहेर मारतो. मला फक्त बॉल टेबलावर परत ठेवायचा असतो.

२००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत कोरियाचा जू से-ह्युक चॉप करत करत पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. संथ ब्लेडला नावं ठेवणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

चिंचपोकळी_फास्ट

काका, त्या अंतिम सामन्यात जिंकला कोण तेही सांगा की! ऑस्ट्रियाचा वेर्नर श्लागर. आणि त्याच्या नावाचं ब्लेड पुढे निघालं ते कार्बनचं, बाजारातल्या सर्वात जलद ब्लेडांपैकी एक.

काका_कट

हा गेम तुमचा. सर्व्हिस कोणाची?

लाल_काळी

पुण्यात मुलांना शिकवतो, म्हणून दोन शब्द.

नेटकॉर्ड, पहिला प्रश्न ब्लेडचा नाहीच. मार्क फाइव्ह कधी लावलंत? बॉल रबरावर ठेवून हातानं दाबून फिरवा. पकड लागत नसेल, घसरत असेल, तर रबर मेलंय. मेलेल्या रबरानं टॉपस्पिन केलं की बॉलला फिरकी मिळत नाही, तो चपटा जातो आणि समोरच्याला ब्लॉक करायला सोपा पडतो. दोष ब्लेडला लागतो.

दुसरं, आकडे नकोत म्हणालात ते उत्तम. एका कंपनीचं 'ऑफ' (आक्रमक खेळाचं जलद ब्लेड) आणि दुसरीचं 'ऑफ' यांचा एकमेकांशी संबंध नसतो. कोल्हापुरातल्या हॉटेलात "मध्यम तिखट" मागा आणि पुण्यात "मध्यम तिखट" मागा, तसा प्रकार. कंट्रोलचा आकडा तर निव्वळ जाहिरात. वेग कमी लिहिला की कंट्रोल जास्त लिहायचा, एवढंच त्यामागचं गणित.

नेटकॉर्ड

सर, रबर गेल्या दिवाळीच्या आधीचं आहे. फिरवून पाहिलं. कडेला पकड आहे, मधोमध गुळगुळीत.

लाल_काळी

मग आधी त्याच ब्लेडवर नवीन रबर लावा. तेच मार्क फाइव्ह, जाडीही तीच. ब्लेड आणि रबर एकदम बदललंत तर कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही.

मेकॅनिकल

पेशानं इंजिनिअर, खेळानं सामान्य, त्यामुळे लांबण लावणार आहे. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

'वेग' म्हणजे बहुतांशी ब्लेडचा ताठपणा. ब्लेड वाकलं की बॉलची थोडी ऊर्जा कंपनात जाते. ताठ ब्लेड कमी वाकतं, कमी खातं. आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ५.७ मिमीचं ब्लेड ६ मिमीचं केलं, लाकूड तेच ठेवलं, तर ताठपणा सोळा-सतरा टक्क्यांनी वाढतो. कागदावर ०.३ मिमी काहीच वाटत नाही, हातात लगेच कळतं. क्लिपर कॉर्बेलपेक्षा ताठ लागते त्यात या जाडीचा मोठा वाटा आहे.

आता फायबर. वाकताना सर्वात जास्त ताण बाहेरच्या थरांवर येतो, मधल्यावर जवळपास नसतोच. म्हणून तोच एएलसीचा पदर वरच्या लाकडाच्या लगेच खाली ठेवला (व्हिस्कारिया, टिमो बोल एएलसी) तर ब्लेड खूप ताठ होतं, आणि मधल्या गाभ्याला चिकटवून ठेवला (इनरफोर्स लेयर एएलसी, हरिकेन लाँग ५) तर तेवढं होत नाही. इनर ब्लेडवर हलका बॉल आला की ते लाकडासारखं वागतं, जोरात मारलं की मग आतलं फायबर बोलायला लागतं. नेटकॉर्डचा रिसीव्ह कूलरपाशी का गेला ते यात आहे. बाहेरचं फायबर हलक्या स्पर्शालाही उत्तर देतं.

एएलसी म्हणजे कार्बन आणि अ‍ॅरिलेट यांची एकत्र वीण. कार्बन ताठपणा देतं, अ‍ॅरिलेट कंपन मारतं. म्हणून हे ब्लेड नुसत्या कार्बनसारखं खणखणत नाही.

'फील' हा सगळ्यात मजेशीर भाग. बॉल रबरावर असतो साधारण एक सहस्रांश सेकंद. हाताकडून मेंदूपर्यंत निरोप जायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे "बॉल बॅटवर रेंगाळला" असं वाटतं तेव्हा तो नेटपाशी पोचलेला असतो. आपल्याला जाणवतं ते हँडलमधलं मागाहूनचं कंपन आणि कानावर पडलेला आवाज.

चिंचपोकळी_फास्ट

म्हणजे फील हा भ्रम? वर्षानुवर्षं लोक मूर्खासारखे पैसे घालवतायत?

मेकॅनिकल

भ्रम नाही, निरोप आहे. मागाहून येतो, पण खरा असतो. बॉल ब्लेडच्या मधोमध लागला की टोकाला, कितपत जोरात लागला, हे त्यातून कळतं आणि पुढचा शॉट सुधारतो. म्हणून ज्याला अजून शिकायचंय त्याला कंपन कळवणारं ब्लेड बरं. ज्याचा स्ट्रोक पक्का बसलाय त्याला कमी निरोप चालतात.

करून पाहण्यासारखा एक उद्योग. नुसतं ब्लेड, रबर नसलेलं, हँडलच्या बुडाशी दोन बोटांत सैल धरा आणि मधोमध बॉल टाका. आवाजाची पट्टी ऐका. उंच टिक म्हणजे ताठ, खालचा टॉक म्हणजे मऊ. फोनवर ध्वनीचा आलेख दाखवणारी फुकट अ‍ॅप्स आहेत. साधारण हजार ते दीड हजार हर्ट्झच्या पट्ट्यात टोक दिसतं. दोन कंपन्यांच्या कॅटलॉगची तुलना करण्यापेक्षा हे बरं, कारण मोजपट्टी एकच.

झब्बू

दुकानात ब्लेडला टिचक्या मारून कान लावणारा माणूस तुम्हीच का? दुकानदार तुम्हाला अजून शोधतोय.

रेवती_म

धागा वाचतेय, अर्धा कळतोय. नाशिकला असतो आम्ही. मुलगी दहा वर्षांची, शाळेत टीटी सुरू केलंय आणि आवड टिकलीय. सध्या तयार मिळते ती बॅट आहे. तिच्या ग्रुपमधल्या एका मुलीला पालकांनी महागडं कार्बनचं ब्लेड घेऊन दिलं, तेव्हापासून घरात रोज तोच विषय. एवढ्या लहान वयात काय द्यावं?

लाल_काळी

रेवतीताई, ५ प्लाय लाकडी ऑलराउंड ब्लेड आणि त्यावर मध्यम जाडीचं, फार बाउन्सी नसलेलं रबर. नेटकॉर्डच्या हातात आज जे आहे तेच. कार्बन नको.

कारण सांगतो. लहान मुलांना बॉल घासून, पूर्ण हात फिरवून टॉपस्पिन शिकायचं असतं. जलद ब्लेडवर पूर्ण हात फिरवला की बॉल बाहेर जातो. मग मूल काय करतं? हात आखडतं. बॉल नुसता टेकवून परत ढकलायला लागतं. तेव्हा सामने जिंकतंही, पालक खूश. दोन वर्षांनी समोरची मुलं फिरकी घेऊन येतात आणि याचा हात मोकळा होत नाही. ती सवय मोडायला फार कष्ट पडतात, माझ्याकडे अशी मुलं येतात.

आणि वजन बघा. रबरासकट बॅट लहान मनगटाला जड होता कामा नये. एकाच मॉडेलच्या दोन ब्लेडांत पाच-दहा ग्रॅमचा फरक सहज असतो. दुकानदाराला वजनकाट्यावर ठेवून दाखवायला सांगा. हलकं निवडा.

रेवती_म

खूप धन्यवाद सर. "हात आखडतं" हे वाचून चमकले, त्या दुसऱ्या मुलीचं नेमकं तेच चाललंय. आमच्या बाईसाहेबांना मात्र कार्बन हा शब्दच आवडलाय.

झब्बू

पेन्सिलीत असतो म्हणावं.

काका_कट

अवांतर, पण कार्बनवरून आठवलं म्हणून लिहितो. वस्तूनं खेळ कसा उलटतो याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. तोवर सगळे लाकडावर छोट्या दाण्यांचं साधं रबर लावून खेळत. टकटक, टकटक. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. आवाजच नाही! समोरच्याला बॉल कधी लागला, किती जोरात लागला, काही कळेना. सातो विश्वविजेता झाला. मेकॅनिकल म्हणतात तो निरोप समोरच्याच्या कानालाही जात असतो, हे तेव्हा सगळ्यांना समजलं. पुढे १९५९ मध्ये स्पंज आणि रबराच्या जाडीवर मर्यादा आली, आजही दोन्ही मिळून ४ मिमीच्या वर चालत नाही.

आमच्या क्लबातले एक ज्येष्ठ ती स्पर्धा बघून आलेल्यांच्या गोष्टी सांगत. त्यात दर वर्षी स्पंज थोडा जाड व्हायचा.

मेकॅनिकल

काका, भारी. नियमाचीच भर घालतो. बॅट कितीही मोठी, कुठल्याही आकाराची, कितीही वजनाची चालते. पण ब्लेड सपाट आणि ताठ हवं आणि जाडीच्या किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड हवं. फायबरचा एकेक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिमी, यातलं जे कमी असेल त्याच्या आत. म्हणजे "कार्बनचं ब्लेड" असं काही नसतं. असतं लाकूडच, मधे पदर कार्बनचा.

पेनहोल्ड_पांडू

आणि आम्ही एक प्लायवाले? हिनोकी लाकडाचा अखंड तुकडा, नऊ-दहा मिमी जाड. जलद आहे आणि तरी मऊ लागतं. वर मंद सुवास, तो तुमच्या एएलसीला यायचा नाही. पडलं की मात्र रेषेवर सरळ चीर जाते, म्हणून टेबलावर आपटणाऱ्यांनी लांब राहावं.

झब्बू

पांडू, तुम्ही जपानी पेनहोल्ड (पेनासारखी बॅट) धरणारे महाराष्ट्रातले शेवटचे. तुमचं संवर्धन करायला हवं.

बे_एरिया_बाबू

इकडे बे एरियात क्लब बरेच, चिनी कोचही बरेच. एक गंमत सांगतो. माझ्या क्लबातले कोच नव्या मोठ्या माणसाला आधी ५ प्लाय देतात. "वेग हवा" म्हटलं की पायांकडे बोट दाखवतात. मी हट्टानं बाहेरच्या फायबरचं घेतलं होतं, आता इनर वापरतो. टेबलाजवळ पुश आणि फ्लिक करताना जीव भांड्यात राहतो, मागे गेल्यावर ताकदही मिळते.

नेटकॉर्ड, यादीत चौथं नाव घाला, इनरफोर्स लेयर एएलसी. बाहेरचा पदर लिम्बा लाकडाचा आहे, व्हिस्कारियाचा कोटो लाकडाचा. कोटो कडक, लिम्बा मऊ. त्यानंही फरक पडतो, टॉपस्पिनची कमान जरा उंच मिळते.

सालस

भारतात ऑनलाइन घेत असाल तर एक सावधगिरी. मी एका दुकानातून (नाव घेत नाही) नामांकित ब्लेड निम्म्या किमतीत घेतलं. हँडलवरचा शिक्का सुबक, खोकंही सुबक. क्लबातल्या खऱ्या ब्लेडशेजारी ठेवलं तर कडेनं दिसणारे थरच वेगळे! खऱ्यात गाभ्याच्या दोन्ही बाजूंना फायबरची बारीक गडद रेघ दिसते, माझ्यात ती नुसती रंगवलेली होती, नखानं निघाली. जाणकाराच्या ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

आणि मुंबई-कोकणवाल्यांनो, पावसाळा. दमट हवेत चिकट रबरांवर ओलसर थर बसतो, सर्व्हिस नेटमध्ये जाते. बॅट पिशवीत ठेवण्याआधी पुसा, नाहीतर त्या दिवसांत कितीही भारी ब्लेड असलं तरी उपयोग नाही.

चिंचपोकळी_फास्ट

सगळे मिळून माझ्या व्हिस्कारियावर उठलात, पण एक बाजू राहतेय. ब्लॉक! ताठ ब्लेडवर समोरच्याचं टॉपस्पिन नुसतं टेकवलं तरी बॉल गोळीसारखा परत जातो, आणि खाली राहतो. मऊ ५ प्लायवर तोच ब्लॉक पोचट, उंच. टेबलाला चिकटून खेळणाऱ्याला, ज्याला मागे धावायचंच नाही त्याला, बाहेरचं फायबर म्हणजे निम्मं काम. माझे पाय गेले, हात शाबूत आहेत, म्हणून मला तेच चालतं.

लाल_काळी

चिंचपोकळी, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. ब्लेड तुमच्या आवडत्या शॉटवरून निवडायचं की चुकणाऱ्या शॉटवरून, इथे आपला मतभेद आहे. मी चुकणाऱ्यावरून निवडतो. तुमचा ब्लॉक उत्तम आणि रिसीव्हही पक्का, म्हणून तुम्हाला व्हिस्कारिया शोभते. नेटकॉर्डची तक्रार मागून मारलेल्या टॉपस्पिनची आहे, आणि कूलरचा उल्लेख त्यांनीच केलाय.

नेटकॉर्ड, जमलं तर असं करा. क्लबात ज्यांच्याकडे ही ब्लेड आहेत त्यांना विनंती करा, एका संध्याकाळी एकाच जोडीदाराबरोबर खेळा. आधी आखूड सर्व्हिसचे रिसीव्ह, मग त्याच्या टॉपस्पिनवर शांत ब्लॉक, मग तुमचा मागून टॉपस्पिन. चांगले किती बसले ते मोजू नका, चुकले किती ते जोडीदाराला मोजायला सांगा. चांगला शॉट माणसाला फसवतो.

काका_कट

सरांचं शेवटचं वाक्य मी क्लबात फळ्यावर लिहिणार.

नेटकॉर्ड

सर्वांचे आभार. उशिरा येतोय, पण करून आलोय.

सर म्हणाले तसं आधी त्याच ब्लेडवर नवीन मार्क फाइव्ह लावलं. फरक मोठा. टेबलाजवळून टॉपस्पिन परत वळायला लागलं, पोरांचे ब्लॉक उंच उडायला लागले. पण मागे सरकलो की अजूनही बॉल धापा टाकतच पोचतो. तेव्हा ब्लेडचाही वाटा आहेच.

मग एका रविवारी सगळ्यांना गोळा केलं. क्लिपर शेजारच्या इमारतीतल्या पोराकडे होती, कॉर्बेल एका निवृत्त बँकवाल्या काकांकडे, व्हिस्कारिया मित्राची. रबरं वेगवेगळी, त्यामुळे प्रयोग मेकॅनिकलसाहेबांना पसंत पडणार नाही.

क्लिपर: स्मॅश आणि ब्लॉकला भक्कम, हातात भरीव लागते. पण माझ्या टॉपस्पिनला कमान कमी, जरा हात कमी पडला की नेट. डोक्याकडे जडही वाटली, शेवटी शेवटी मनगट बोलायला लागलं. व्हिस्कारिया: मागून मारलेले जे बसले ते अप्रतिम, पोरानं "काका, छान होता" म्हटलं नाही, नुसता बॉल उचलायला गेला. रिसीव्हच्या चुका मात्र तिच्यावरच सर्वात जास्त. कॉर्बेल: माझ्या जुन्या ब्लेडचाच स्वभाव, पण मागून पोचते. पुश करताना काही नवं शिकावं लागलं नाही.

कॉर्बेल मागवली. काट्यावर ठेवून ८७ ग्रॅमची निवडली.

चिंचपोकळी_फास्ट

अभिनंदन. पोरगा नुसता बॉल उचलायला गेला, हे वाक्य मात्र मी जपून ठेवतोय. दोन वर्षांनी भेटू.

बे_एरिया_बाबू

इनर राहिलीच की!

नेटकॉर्ड

बाबू, ती ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ बॅट कोणाच्या हातात देत नाहीत. सामन्यात जिंकूनच बघावी लागेल.

रेवतीताई, माझी ऑलराउंड क्लासिक आता मोकळी होतेय. मुलीला चालणार असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. फ्लेअर (बुडाशी रुंद होणारं) हँडल आहे, नुसतं ब्लेड ८४ ग्रॅम.

रेवती_म

अहो, खरंच? फार बरं होईल. पण रबर तुम्ही नवीनच लावलंय ना, ते काढून घ्या, तुमच्या कॉर्बेलला लागेल.

काका_कट

काढताना घाई करू नका. रबर वर उचलून ओढलं तर ब्लेडचा वरचा पदर कुसळासारखा उचकटतो. सपाट मागे दुमडत, हळूहळू. आणि ब्लेडवर राहिलेला गोंद बोटानं चोळला की गोळ्या होऊन निघतो.

झब्बू

नेटकॉर्ड, नवी बॅट आली की पोरं काय म्हणतात ते कळवा.